दाराजवळची खुर्ची

बाबा,

काल ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत दाराजवळच्या खुर्चीवर तुम्ही बसला होतात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, हे मला कळतं, वेड लागलेलं नाही. खुर्चीवर खरं तर विरोधकांची एकुलती एक सदस्य बसली होती, आपलं जुनं घर जिनं विकत घेतलं ती बाई. पण ती बोलायला उठली आणि मला मागून तुमचा खोकला ऐकू आला. पंचायतीची इमारत नवी झाली, फरशी आली, भिंतीवर टीव्ही आला. विरोधकाची खुर्ची मात्र अजून तिथंच, जिथं येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो. मी पुढच्या रांगेत बसते. आम्ही आठ जण सत्तेतल्या पॅनेलचे, ती एकटी.

तुम्हीही एकटेच होतात. अंबरनाथ एमआयडीसीतली पहिली पाळी करून यायचात, हातपाय धुतले तरी अंगाचा केमिकलचा वास जायचा नाही, आणि चुलीपाशी बसून उद्याचा ठराव मोठ्यानं म्हणून बघायचात. आपल्या पंचायतीची रीतच अशी, की ठराव मांडला की दुसऱ्या कोणीतरी हात वर करून अनुमोदन द्यायचं. नाही दिलं तर ठराव तिथंच पडतो, त्यावर कोणी बोलतसुद्धा नाही. पाच वर्षांत तुम्हाला एकदाही अनुमोदक मिळाला नाही, म्हणून घरात ते काम माझ्याकडं. तुम्ही तोंड उघडायच्या आत माझा हात वर. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झाला मंजूर, आता जेवून घ्या." एकदा तुम्ही माझा हात धरून खाली घेतलात. "आधी ऐक. न ऐकता वर होणारे हात तिकडं ढीगभर हायेत." मी रडले होते. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी पिवळा फ्रॉक आणलात, पण शब्द काही मागं घेतला नाहीत.

तो ठराव नाल्याचा होता. पाइप तुंबतो, तो टाकू नका, पाण्याला रुंद वाट राहील अशी मोरी बांधा, एवढंच तुमचं म्हणणं. पाइप पडला, आणि त्याच आषाढात नाला आपल्या घरात शिरला. आईची तांदळाची कणगी भिजली. तुम्ही घमेल्यानं पाणी उपसताय आणि मी वाट बघतेय, आता तुम्ही सरपंचांना शिव्या घालाल. तुम्ही एवढंच म्हणता, "का नको म्हणतोस, असं नुसतं कुणी विचारलं असतं ना." मग पुन्हा घमेलं. पावसाळा जवळ आला की हे वाक्य मला भांडी घासतानाही ऐकू येतं.

काल त्याच नाल्याचा विषय निघाला. वांगणीच्या बाजूला इमारती उठल्यात, भराव पडलाय, आणि नाल्यावरून आता रस्ता न्यायचाय, खाली पुन्हा पाइप. ती बाई म्हणाली, "पाइप नको, मोठी मोरी ठेवा." सरपंच आमच्याच पॅनेलचे. ते हसून म्हणाले, "बाई, लोकांनी आमाला निवडलंय. तुमचंच ऐकायचं तर मतदान कशाला घेतलं?"

"माझंच करा असं नाय म्हनत, नुसतं ऐकून घ्या म्हनते. पानी घरात शिरताना पॅनेल बघनार हाय का?"

सरपंच वाईट माणूस नाहीत. त्यांचं मला थोडं पटतंही. प्रत्येक नकारापाशी थांबत बसलो तर पाच वर्षांत खडीसुद्धा पडायची नाही, आणि लोक विचारणार आम्हाला, तिला नाही. पण तिलाही मतं ह्याच गावात पडली ना? रस्ता कुठून न्यायचा ते आठ हात ठरवतील. पाणी कुठून जातं ते त्या उंबऱ्यात राहणाऱ्यालाच माहीत, आणि तो उंबरा माझाही होता. मला ते माहीत होतं, बाबा. सभेत बसलेल्या नऊ जणांत तिच्याखेरीज फक्त मला.

ग्रामसेवकांनी विचारलं, "अनुमोदक?" तिनं दुसऱ्या कोणाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मग ठराव पडला, पुढचा विषय आला, चहा आला. चहा घेताना मी दाराकडं बघितलं नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीये. आईच्या जुन्या ट्रंकेत पिवळा फ्रॉक आहे, त्याच्या घडीत ठेवणार आहे. घरी मी सांगितलंय की मला काही सुचलंच नाही, सगळं पटकन झालं. तुम्हाला ते सांगवत नाही. माझा हात उचलला गेला होता, बाबा, खांद्यापर्यंत आला होता. तेवढ्यात सरपंचांनी मान वळवली, आणि मी त्याच हातानं पदर सारखा केला.