आईचा एकच मोठा फोटो

सोनई, ११ फेब्रुवारी, संध्याकाळ

उद्या आईचा दहावा. हार घालण्याजोगा तिचा एकच मोठा फोटो आहे. परदेशी संस्थेने शिलाई मशीन दिलं, तेव्हा त्यांच्या माणसाने काढलेला. मशीनजवळ आई उभी आहे, खांद्यावर ठिगळ असलेल्या निळ्या साडीत. त्या ठिगळाची मला शाळेत असल्यापासून लाज वाटत आली.

आज शेजारच्या शांतामावशी फोटो पाहून म्हणाल्या, "अगं, ही तर माझी साडी हाय!"

मला काही कळेना.

"तुझ्या आईच्या साडीलाबी ठिगळं हुती. पन तिनं ती आतून अशी शिवलेली, की कुनाला दिसायची न्हाईत. फोटोवाला म्हनला, पैसं देनाऱ्यास्नी गरिबी दिसाया पायजे. मग माझी फाटकी नेसून गेली. वर त्यो म्हनतो, बाई, हसू नका. आन् आमाला तर लई हसू येत हुतं!"

इतकी सुबक शिवण, आणि तीच लपवायची? त्या मशीनच्या कमाईवर माझं शिक्षण झालं, नोकरी लागली. म्हणजे मदत खोटी नव्हती. मग एवढं का लागतंय? आईने कधी सांगितलं नाही. आणि मी तरी कुठे विचारलं? नुसती लाजत राहिले.

फ्रेमवाल्याला सांगितलं, साडी नको, ठिगळ नको, फक्त चेहरा मोठा करा.

आत्ता फ्रेम आली. चेहरा अगदी स्पष्ट आला आहे. फोटोवाल्याने सांगितल्याप्रमाणे ती हसलेली नाही.