आई-बाबांचा वर्ग

४ फेब्रुवारी, रविवार

तुमच्यानंतर तिला कोण?

प्रशिक्षणाच्या बाईंनी आज वर्गात हे विचारलं. मला उत्तर आलं नाही. घरी येऊन जेवले, भांडी घासली, तरी येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणे!

आई-बाबांचा एका मुलीवर जीव जडलाय. पाच वर्षांची आहे. पाय ताठ, घास सावकाश गिळते, बोलणं तुटक तुटक. संस्थेत तिला चिटकू म्हणतात, कारण जो येईल त्याची बाही धरून ठेवते. अशा मुलांना दत्तक घेणाऱ्यांनी आधी वर्ग पुरा करायचा असतो. शिवाय आणखी एक माणूस दाखवायचं – आई-बापाचं काही बरंवाईट झालं तर मुलीला सांभाळणारं. त्यानेही वर्ग पुरा करायचा. नाहीतर मुलगी मिळत नाही.

पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं, म्हणून मी गेले होते. बाबा चटकन म्हणाले, "माझा धाकटा भाऊ आहे ना." काकांना अजून विचारलेलंही नाही.

७ फेब्रुवारी

काका हो म्हणाले. "दादा, तू सांगितलंस आणि मी नाही म्हटलं असं कधी झालंय?" बाबांनी लगेच अख्ख्या जिन्याला सांगून टाकलं.

रात्री बाबा गृहपाठ करत होते. दिवसभर सोफ्यांना कापड चढवणारा माणूस, कानामागे खडू तसाच, आणि लिहिताना जीभ बाहेर. वही माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, तपासा."

मी लाल पेन काढलं तर आई म्हणाली, "लाल नको गं. खचतात ते."

११ फेब्रुवारी, रविवार

आज आई-बाबांना मूल उचलायला शिकवलं – अंथरुणातून खुर्चीत. घरी सराव करा म्हणाल्या बाई. आता घरात मूल म्हणजे मी एकटी!

मी पलंगावर आडवी. "ताठ हो," बाबा म्हणाले, "तिचं अंग सैल नसतं." मी लाकडासारखी ताठ झाले. त्यांनी एकदम काखेत हात घातले आणि मी किंचाळले. बाबांचे हात ते, पडण्याची भीती कसली? पण न सांगता कुणी उचललं की हात आपोआप काहीतरी धरायला जातात. माझे गेले बाबांच्या कॉलरला.

"बाईंनी काय सांगितलं होतं?" आई दारातून. "आधी सांगायचं. थांबायचं. तिने मान हलवली की मगच."

"विसरलो."

दुसऱ्या खेपेला ते माझ्या कानाशी वाकले. "आता उचलतो हं, बाळा." मी मान हलवली. मग अलगद, एका दमात खुर्चीत. त्या 'बाळा'ने माझे डोळे भरून आले.

आई म्हणाली, "तू कशाला रडतेस? एवढी घोडी उचलली, रडायचं त्यांनी."

१४ फेब्रुवारी

आज भरवण्याचा सराव. आई दिवसभर लाँड्रीत कपड्यांच्या ढिगाशी झटापट करते, तिचा चमचाही त्याच वेगाने येतो. पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठांवर. मी तोंड मिटून घेतलं. ती थांबली. मग माझ्या गळ्याकडे बघत बसली, गिळेपर्यंत. इतक्या शांतपणे बसलेली आई मी पाहिलीच नव्हती.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज संस्थेत चिटकूची भेट. आमच्या घरी तिला लागेल त्या खुर्चीसाठी बाबांनी स्वतः गादी शिवली, आज मापाला नेली. बाजूंना जाड, मध्ये खोलगट. दुकानात चार वेळा उसवून पुन्हा शिवली असं त्यांचा मालक हसत सांगत होता.

बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "आता उचलू का?"

ती बघत राहिली. खूप वेळ. मला वाटलं, नाही म्हणतेय बहुतेक. दुसरी एक आई, त्याच खोलीत, हळूच म्हणाली, "उचला की हो, कळत नसेल तिला." बाबा हलले नाहीत. हात पुढे केलेले, तसेच. कामावर चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर कावणारे माझे बाबा!

मग चिटकूने मान हलवली. एकदाच. आणि बाबांनी तिला असं उचललं की नवीन गादीवर बसेपर्यंत तिला कळलंही नसेल आपण हवेत होतो ते.

बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. "तुमचे वडील का?" एवढंच म्हणाल्या. पदवीच्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हाही माझी मान इतकी वर गेली नव्हती.

आम्ही निघताना चिटकूने आईची नाही, बाबांची नाही, माझी बाही धरली. सोडवायला वेळ लागला.

२५ फेब्रुवारी, रविवार

काकांचा आज दुसऱ्यांदा वर्ग बुडला. संध्याकाळी बाबा त्यांच्याकडे गेले, मीही गेले.

काका टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाले, "दादा, नावाला नाव दे माझं. पण हे वर्गबिर्ग... उद्या खरंच वेळ आली तर?"

"त्यासाठीच तर वर्ग आहे."

काकू आतून म्हणाली, "आणि तुमच्याच घरात शिकलेली मुलगी बसलीय की, दादा."

बाबा उठले. "तिचं नाव काढायचं नाही."

रस्त्यात मी म्हटलं, "काकू काय चुकीचं बोलली?"

"तुला शिकवलं ते तुझ्या पायांवर उभं राहायला. आमचं ओझं वाहायला नाही. उद्या स्थळं येतील, त्यांना काय सांगायचं? मुलीबरोबर एक बहीण येते?"

"सांगायचं."

"गप्प बस."

पण 'ओझं' हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता. घर येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. चिटकू त्यांना हवी आहे आणि मी मोकळी हवी आहे, दोन्ही एकदम. बिचारे.

२९ फेब्रुवारी

मामा नाही म्हणाला. बाबांचा मालक म्हणाला, "पैसे लागले तर सांग, पण हे नको." बाईंनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. नंतर चिटकूसाठी दुसरं घर बघणार. आईने गादी कपाटावर ठेवून दिली, वर चादर टाकून.

मी आज परत एकदा विषय काढला. आईच म्हणाली, "हा विषय नको, तुला तुझ्या बाबांची शपथ आहे" – पण माझ्याकडे न बघता.

२४ मार्च, रविवार

इतके दिवस लिहिलं नाही. या पानालाही कळू द्यायचं नव्हतं. ऑफिसात जास्तीचं काम आहे सांगून मी दर रविवारी दुसऱ्या तुकडीत बसत होते. उचलणं, भरवणं, झटका आला तर काय करायचं, सगळं. आज वर्ग पुरा झाला.

बाईंनी सांभाळणाऱ्याच्या अर्जात माझं नाव लिहून विचारलं, "मुलीची कोण?"

"मोठी बहीण."

"घरी विचारलंय?"

"नाही. आता जाऊन सांगणार."

सांगितलं. बाबा अजून गॅलरीत पाठ करून उभे आहेत. आईने कपाटावरची गादी खाली काढलीय.