कॅम्पला ‘नाही’ मी म्हटलं

मी, सुवर्णा प्रल्हाद नेरकर, वय ५३, शिक्षण पाचवी, राहणार थोरली बहीण वीणाताईच्या घरी, शॉमबर्ग, अमेरिका. मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डोकं शाबूत आहे, कुणाची जबरदस्ती नाही. मागे भांडणं नकोत म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. पाटल्या आणि बँकेत असेल ते वीणाताईला. नवऱ्याने टाकल्यावर तिने मला इकडे आणलं. नवऱ्याला काही नाही. नाव त्याचं लावते ते पासपोर्ट बदलायचा कंटाळा म्हणून.

कलम २. शिलाई मशीन मैत्रीण प्रतिमाला देणार होते, पण ती साक्षीदार, म्हणून चालत नाही म्हणे. मग शेजारच्या शुभाला. तेल घालत जा.

कलम ३. ताईचा निमिष मी वाढवला. २००१ पासून तो इथल्या छोट्या लीगमध्ये पगारावर बेसबॉल खेळला. पहिला बॉलर दमला की शेवटी याला बोलवायचे. रिलीव्हर म्हणतात, मी बदली म्हणायचे. तीन तास बाकावर बसायचं आणि टीम अडचणीत आली की वीस बॉल टाकायला उठायचं. त्याचे वडील, माझे भावोजी चंद्रशेखरराव म्हणायचे, "इंजिनिअरचा मुलगा बदलीवर?" "बाबा, इट्स अ जॉब!" त्याचे युनिफॉर्म मी धुऊन ठेवलेत, ते त्यालाच.

कलम ४. फेब्रुवारी २००४. घरी मी एकटी. फोनवर एक माणूस भराभरा बोलला. मला ‘निमिष’ आणि ‘कॅम्प’ एवढंच कळलं. निमिष लहान असताना उन्हाळी कॅम्पवाले असेच डोकं खायचे, तेव्हा भावोजींनी मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. तेच म्हटलं, "निमिष नॉट इंटरेस्टेड." त्याने विचारलं, "शुअर?" "शुअर, शुअर," म्हणून मी फोन ठेवला.

तो मोठ्या लीगच्या क्लबचा माणूस होता. कॅम्प म्हणजे सीझनआधीचा सराव, तिथूनच वर घेतात.

महिन्याने निमिषला कोचकडून कळलं की घरून नकार गेला. तो भावोजींवर धावून गेला. "यू टोल्ड देम नो!"

"अरे, मी फोन उचललाच नाही!"

कुणाला पटलं नाही. ताईलासुद्धा. मी तिथेच पोळ्या लाटत होते. तोंड उघडलं नाही. आधी भीतीने. मग, खरं लिहायचं तर, मला वीस वर्षं अडाणी म्हणणारा माणूस खोटा पडला याचं बरं वाटलं म्हणून.

पुन्हा कुणी बोलावलं नाही. २००६ ला खांदा गेला, खेळ संपला. आता शाळेत पीटी शिकवतो. बापाशी साडेचार वर्षं बोललेला नाही. येतो तेव्हा भावोजी जिन्यात उभे राहतात, हा बाजूने निघून जातो.

भावोजी, तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. हे कलम तुमचं.

कलम ५. निमिषला मराठी वाचता येत नाही. ताईला वाचायला सांगितलं तर मला सांभाळायला ती चौथं कलम गाळेल. म्हणून मेल्यावर नाही, आज, सहीच्या आधी, मीच वाचणार. त्याला बोलावलंय.

वाचलं. "मावशी, व्हाय?" एवढंच म्हणाला. मी कारण पुन्हा वाचलं. तो उठून खाली भावोजींच्या खोलीत गेला. दार लावून घेतलंय. अर्धा तास झाला, काही ऐकू येत नाही. साक्षीदार खोळंबलेत. सही करते.

सुवर्णा प्र. नेरकर

आमच्यासमोर सही केली:
१. प्रतिमा देवस्थळे
२. विक्रम साबळे

शॉमबर्ग, रविवार, १२ ऑक्टोबर २००८