टबातलं जावळ

६ जानेवारी
लागलं एकदाचं सामान! मार्कंड्यापासून चार कोसांवर, वैनगंगेकाठचं हे मासेमार ढिवरांचं गाव, आणि उपकेंद्रामागची दोन खोल्यांची क्वार्टर आता माझी. आरोग्यसेविकेची बदली इकडे झाली की लोक तोंड पाडतात, मी मात्र खूश आहे. मागे अंगण आहे, सावली आहे. भूपेशची नोकरी नागपुरातच, तो शनिवारी येत जाईल. अडीच वर्षांच्या आमच्या आचलने आल्याआल्या शेजारच्या कोंबडीमागे तीन फेऱ्या मारल्या.
सगळ्यात जपून आणला तो माझा गांडुळांचा टब. लोक तुळस नेतात आणि तू किडे नेतेस, असं भूपेश म्हणाला. म्हणू दे. चार वर्षांत माझ्या घरातून ओल्या कचऱ्याचं एक सालही बाहेर गेलेलं नाही.

९ जानेवारी
टब नव्याने मांडला. खाली विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, कुजकं शेण, त्यात गांडुळं, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट. भाजीची देठं, चहाचा चोथा चालतो, लिंबू-मिरची वर्ज्य. शेजारच्या मैनाबाई बघायला आल्या. नवरा-बायको दोघं तलावात मासे धरतात, त्यांच्या लेखी गांडूळ म्हणजे गळाला लावायची वस्तू. पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "आमी किड्यानं मासोळी धरतो, न तुमी किड्याले भाजी चारून राह्यल्या!" संध्याकाळी मात्र माशांचा रस्सा आणि पिशवीभर देठं घेऊन हजर.

२ फेब्रुवारी
आचलचं जावळ उरकलं. डोक्यात पुरळ, त्यात उवा, शिवरात्रीपर्यंत थांबायला मला धीर नव्हता. मामा इथे नाही म्हणून मैनाबाईंचे नवरे देवाजीभाऊ मामा झाले, त्यांच्या मांडीवर बसवून लहानू न्हाव्याने कापलं. आचल गाव डोक्यावर घेईल असं वाटलं होतं, पण ती भाऊंच्या मिशा ओढण्यात गुंग होती.
मैनाबाईंनी एकेक केस वेचून कणकेच्या गोळ्यात घातला आणि गोळा फडक्यात बांधला. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला नेऊन वैनगंगेत सोडायचा. त्यांनी बजावलं, "सिस्टरबाई, जावळ पाण्यालेच द्या लागते. पाणी नेते न विसरते. मातीले दिलं त माती मागतच राह्यते." मी मान डोलावली. त्या गेल्यावर गोळा फोडला आणि टबात घातला. केसांत नत्र भरपूर असतं. नदीत कचरा कशाला?

८ फेब्रुवारी
नवल आहे. पालक, केळीची सालं, कशालाच गांडुळं शिवलेली नाहीत, सगळं तसंच सडतंय. आणि जावळ सहा दिवसांत साफ! केस कुजायला महिने लागतात. भूपेशला नागपुरात कामाचा ढीग, महिनाभर येणं नाही; त्याला कौतुकाने फोटो पाठवला.

१५ फेब्रुवारी
केंद्रात बालकांची वजनं घेतली. आचल जानेवारीत १२.४ किलो होती, आज ११.६. जेवते तर पोटभर. दुसऱ्यांच्या पोरांना सांगते तेच घरी केलं, जंताची गोळी दिली.

१९ फेब्रुवारी
११ किलो. जंत पडलेच नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले. डोक्यावर अजून खुंटसुद्धा नाही. हात गार आणि ओलसर, उन्हात नेलं की तोंड लपवते. दिवसभर टबाला टेकून बसते.
आज टब सरकवताना जड लागला. दहा दिवसांत त्यात काही टाकलेलं नाही. वजनकाट्यावर ठेवला. माझ्या खताच्या वहीत जावळाआधी लिहिलेल्या वजनापेक्षा १ किलो ४०० जास्त.
१२.४ वजा ११. मी तीनदा वजाबाकी केली.

२२ फेब्रुवारी
मैनाबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, उचला टब, चला नदीवर. मला तेवढा दम नव्हता. दहाच्या उन्हात ताडपत्री टाकली आणि टब उपडा केला. मरू देत मेली.
गांडुळं पिळवटायला लागली. पडवीत चटईवर आचलही—आवाज नाही, तोंड उघडं, अंगाचं वेटोळं—
दोन्ही हातांनी गोळा केली. पाणी शिंपडलं. गोणपाट ओढलं. तेव्हा ती निवली.
गांडुळं बुडाली तर पोरीचं काय, म्हणून मैनाबाई पुन्हा नदीचं नाव काढेनात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं मी जंताचं औषध देत बसले होते. माझं चुकलं. माझंच चुकलं.

२४ फेब्रुवारी
९.८.
मागतच राहते म्हणाल्या ना. मग माझं घे. भर दुपारी स्वतःच कात्री घेतली, कमरेपर्यंतची वेणी मुळापासून कापली. सगळी टबात.

२५ फेब्रुवारी
९.९! देवा, ९.९!

२८ फेब्रुवारी
१०.९. आज तिने भात दोनदा मागितला. कोंबडीमागे धावली. मी ५४ ची ४९ झाले. होऊ दे.

४ मार्च
केस संपले. उरलेले खुंट खरवडून दिले, मग हातापायांची नखं. परत येत नाहीत. आचल ११.८. मी ४१. ऊन सोसत नाही, खिडक्या बंद ठेवल्यात. मैनाबाई दाराबाहेर डबा ठेवतात आणि रडतात, ऐकू येतं.

७ मार्च
परवा १२.४ भरलं. म्हटलं बास, आता थांबायचं. एक दिवस काही दिलं नाही—
आज ११.७.

८ मार्च
शनिवार. भूपेश महिन्याने येणार होता, त्याला कळवलं, केंद्रात तपासणी आहे, येऊ नको. त्याचे केस दाट आहेत. माझा मलाच भरवसा नाही.

१० मार्च
आचल बघून बघून शिकली. स्वतःच नेलकटर आणते. मी तिचा घ्यायचे तसा माझा हात मांडीवर घेऊन बसते. नखं नाहीत बाळा, सांगितलं. तिला कळत नाही. काल थोडं कातडं—
गाल भरलेत तिचे.

११ मार्च
काट्यावर मी उभी राहिले, आकडाच उठेना. पेन फार जड—
आचल आली. नेलकटर आणि टबात न्यायला वाटी आणलीय. हसतेय. करंगळी धरली तिने. नाही, हात मागे घेणार नाही. आज १२.४ भरायलाच हवं. हळू गं, सोने, हळू, दुसरं बोटही—