१९७१चं कोरं पान

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

बाळकाकांच्या चीनवरच्या पुस्तकाची एकशे बारा पानं टाईप झाली. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलं. कॉलेज अर्धवट सोडलं, निदान हे तरी चुकू नये.

जेवणाच्या टेबलावर नकाशा. काका रंगीत पेन्सिली फिरवत होते. १९५० — चीन रशियाच्या गळ्यात गळा घालून, अमेरिका शत्रू. १९६९ — त्याच रशियाशी नदीकाठी गोळीबार. अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या दुपारच्या उन्हात ती निळी नदी टेबलावरून खाली ओघळेल असं वाटत राहिलं.

पद्मजाकाकू महिन्याच्या पहिल्या शनिवारी जातात तशा दीड तासावरच्या टुसॉन शहरात भजनाला गेल्या. सोबत बेसनाच्या लाडवांचा डबा.

९ सप्टेंबर, मंगळवार

१९७१चं प्रकरण नऊ वर्षं कोरंच आहे! चीनने अमेरिकेला घरात कसं घेतलं, ते. वीस तारखेला इथल्या मराठी मंडळात काकांचं व्याख्यान नेमकं त्यावर.

"शेजारचा शत्रू लांबच्यापेक्षा भारी वाटायला लागला, बस," काका म्हणाले.

"मग तेवढं लिहा ना."

"लिहितो रे. कारण सोपं आहे. पहिला फोन कोणी केला, ते अवघड."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काकू आज भाजी निवडताना बोलल्या. काकांचे मोठे भाऊ बासष्टच्या युद्धात गेले, तेव्हा काका बारा वर्षांचे. नऊ वर्षांपूर्वी काका-काकूंच्या मुलीने, आसावरीताईने, वेई नावाच्या चिनी इंजिनियरशी लग्न केलं. "त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले. आणि त्याच आठवड्यात चीनवरची पुस्तकं ऑर्डर केली. आता बोल!"

ताई टुसॉनला राहते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काकांनी अर्धं पान सांगितलं, मी टाईप केलं. अमेरिकेचा सल्लागार पाकिस्तानात होता. पोट बिघडलंय असं सांगून गायब झाला, गुपचूप बीजिंगला पोचला. काका बराच वेळ हसत होते.

"आधी सांगितलं असतं तर घरच्यांनीच अडवलं असतं."

"किती वर्षं बोलणं बंद होतं?"

"बावीस." पेन्सिलीला टोक करत राहिले. "नऊ म्हणजे काहीच नाही."

१८ सप्टेंबर, गुरुवार

स्वप्नात नकाशा ओला. देशांचे रंग एकमेकांत उतरलेले. मी पुसायला फडकं शोधत होतो. मग शोधणं सोडून बघत बसलो.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी काकांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि मला मंडळात फोन करायला लावला. "सांग, काकांचं पोट बिघडलंय."

मग गाडीची किल्ली माझ्या हातात. "टुसॉन. काकूला कळू देऊ नकोस."

गॅरेज उघडलं. काकू मागच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर लाडवांचा डबा.

काका पुढे बसले. मी पत्ता टाकायला फोन काढला.

"राहू दे ते," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षं जातेय. रस्ता पाठ आहे मला."