निळी खूण

सोमवार, ४
आले बाई एकदाची! अतिदक्षता विभागात डॉक्टर म्हणून पहिला दिवस. आठ खाटा, धुतलेली फरशी, श्वासयंत्रांची एकसारखी फुसफुस. सगळे ज्यांना ‘सुईताई’ म्हणतात त्या इथल्या डॉक्टर माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. चहा पाजला, कपाटाची किल्ली दिली. छान जमेल आमचं.

बुधवार, ६
पाच नंबरला निवृत्त मास्तर आहेत. छातीत पाणी, श्वास यंत्रावर. सुईताईंनी बरगड्यांमधून नळी घातली. पिशवीत पिवळं पाणी उतरलं तसा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून शहाण्णववर गेला. मास्तरांच्या लेकीने ताईंचे हात धरले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. इथला नियम म्हणजे एका वेळी दीड लिटर, मग नळीचा चिमटा बंद. ताई पिशवीवर निळी खूण करतात. त्याहून जास्त काढलं तर दबलेलं फुफ्फुस एकदम उघडतं आणि फेसाने भरतं.

शुक्रवार, ८
दुसऱ्या एका पेशंटसाठी आज सुई माझ्या हातात दिली. दोनदा चुकले. ताईंनी गोड हसून ती घेतली आणि पहिल्याच खेपेला पाणी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. दुसऱ्याचं कौतुक झालं की तुझ्या पोटात दुखतं, असं आई म्हणायची. दुखतंच.

शनिवार, ९
मास्तरांचं पुन्हा पाणी काढलं. खुणेवर चिमटा बंद करून ताई जेवायला गेल्या. मी तो उघडला. एकदा तरी त्यांची चूक निघू दे, एवढंच. लगेच बंद करणार होते. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. परत आले तर पिशवी तीन लिटरला आणि मास्तरांच्या तोंडातल्या नळीत गुलाबी फेस.

रविवार, १०
मास्तर गेले. ताईंना घरी बसवलंय. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “चिमटा मी बंद केला होता.”
मला हवं तेच झालं. मग उजवी कूस का दुखते —

सोमवार, ११
पाच नंबरचं यंत्र बंद आहे. तरी फुसफुस ऐकू येते. मिनिटाला चौदा. माझा श्वासही चौदा. रोखून पाहिला — रोखता येईना.

मंगळवार, १२
एक्स-रेत उजवी बाजू पांढरी. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा सुई घातली. कोरडी. म्हणाले, चौकशी गेली खड्ड्यात, तिलाच बोलवा. मी नको म्हणत होते — आवाजच —

बुधवार
पाच नंबरवर आहे. ताई आल्या. पहिल्याच खेपेला पाणी. काय हात आहेत, अजूनही जळते मी. खुणेवर चिमटा बंद केला, मला दाखवून. जेवायला गेल्या —
जवळ कुणी नाही. हात नळीपर्यंत पोचत नाही.
चिमटा हलतोय —
निळी खूण बुडाली — ताई, मीच तो उघड