सिरिलचं शतक आणि काकडीची सँडविचं

प्रिय आई,

मी मजेत आहे. किटलीने हात भाजला होता, तो बरा झाला. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला?

शनिवारी शेजारच्या गावाशी मॅच होती. दोन्ही संघांचा चहा माझ्याकडेच, एकोणीस वर्षं आहे तसा. मैदानावरच्या स्वयंपाकघरात काकडीच्या सँडविचच्या कडा कापत होते, तेवढ्यात टाळ्या कडाडल्या. तुझ्या जावयाचं शतक झालं होतं, आयुष्यातलं पहिलं. पण साडेचारला चहा टेबलावर लागला नाही तर गावभर बोलणं होतं, म्हणून मी जागची हलले नाही.

चहाला सिरिल माझ्याकडे आला. वाटलं, आता सांगेल. म्हणाला, "अंड्याची सँडविचं संपली वाटतं. पाहुण्यांना कमी पडायला नको हं."

घरी येताना त्याने विचारलं, "शतकाचा चौकार पाहिलास ना?"

"पाहिला की. छान होता."

आई, तिथल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, आणि ती मोटारी लावतात तिकडे उघडते. एकोणीस वर्षांत हे त्याला ठाऊक झालं नाही.

बाबांना सांग, जावयाने शतक केलं. तेवढंच सांग.

तुझी,
मॉरीन